पंच्याऐंशी डॉलरचे हस्तलिखित आणि एका शिष्यवृत्तीची गोष्ट

१९४८ साली डोरोथी पोर्टर नावाच्या ग्रंथपाल बाईंनी न्यूयॉर्कमधल्या एका विक्रेतीकडून ८५ डॉलरला एक जुने हस्तलिखित विकत घेतले. हाताने लिहिलेली, तीनशे पानांची कादंबरी. लिहिणारीचे नाव हॅना क्राफ्ट्स, आणि आपण उत्तर कॅरोलिनातून नुकतीच पळून आलेली गुलाम बाई आहोत असे तिने पहिल्याच पानावर नोंदवलेले. असल्या दाव्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नसे. गोऱ्या लेखकांनी गुलामाच्या तोंडून लिहिलेली पुस्तकेही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघाली होती.

पोर्टरबाईंनी हस्तलिखित वाचले आणि त्यांना एक गोष्ट खटकन जाणवली. या कादंबरीत कृष्णवर्णीय पात्र पहिल्यांदा समोर येते तेव्हा त्याचा रंग सांगितलेला नसतो. ते आधी माणूस म्हणून येते. रंग मागाहून, गोष्टीच्या ओघात कळतो. त्या काळच्या गोऱ्या लेखकाने सवयीने आधी रंग सांगितला असता आणि मग माणूस. लिहिणारी बाई कृष्णवर्णीयच असणार असे आपले मत पोर्टरबाईंनी विक्रेतीला पत्राने कळवलेही. मग हस्तलिखित त्यांच्या खासगी संग्रहात राहिले, आणि १९९५मध्ये त्या वारल्या.

२००१मध्ये ते लिलावात आले. हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी बोली लावली. दुसरी बोलीच आली नाही. गेट्स यांनी कागद, शाई, लेखणीची टोके तपासून घेतली. तपासणाऱ्या तज्ज्ञाला दिसले की चुका झाकण्यासाठी पानांवर कागदाचे तुकडे चिकटवले आहेत आणि ते दाबताना अंगुस्तान वापरले आहे. लिहिणारीच्या हाताशी शिवणाचे सामान होते. २००२मध्ये पुस्तक छापून आले आणि भरपूर खपले. तरी लेखिका नेमकी कोण हे कळायला आणखी अकरा वर्षे गेली. २०१३मध्ये ग्रेग हेसिमोविच या अभ्यासकाने जुनी कागदपत्रे उलगडत तिचे खरे नाव जगासमोर आणले : हॅना बॉन्ड. उत्तर कॅरोलिनातल्या जॉन हिल व्हीलर यांच्या घरातली गुलाम, १८५७च्या सुमारास पळालेली.

आता ही साखळी मागे नेऊ. २०१३चा शोध लागला, कारण २००२मध्ये पुस्तक छापले गेले. ते छापले गेले, कारण १९४८मध्ये एका ग्रंथपाल बाईंनी ते ओळखले. आणि त्यांना ते ओळखता आले, कारण त्या शिकल्या होत्या. कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. साल १९३२. त्यांच्या शिक्षणाला रोझेनवाल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीचा हात लागला होता.

‘अल्पसंख्याकांच्या शिक्षणाचे कार्यक्रम’ आणि ‘कृष्णवर्णीय साहित्याचा अभ्यास’ ही दोन वेगळ्या खात्यांची नावे वाटतात. एक समाजकल्याणाचे काम, दुसरे प्राध्यापकांचे. मला ती एकाच दोराची दोन टोके वाटतात, आणि एक टोक सुटले की दुसरे हातात राहत नाही. ते कसे, ते सांगतो.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे अल्पसंख्याक म्हटले की मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, जैन, पारशी असे धर्म डोळ्यांसमोर येतात. सरकारी योजनाही तशाच आखलेल्या असतात. अमेरिकेत हा शब्द बहुतकरून वंश आणि मूळ यांच्या संदर्भात येतो : कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी. त्यांच्यातही कृष्णवर्णीयांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांना नुसते शिक्षणाबाहेर ठेवलेले नव्हते, शिकणे हाच त्यांच्यासाठी गुन्हा होता. दक्षिण कॅरोलिनाने १७४०मध्येच गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली. १८३०च्या दशकात दक्षिणेतल्या आणखी राज्यांनी असे कायदे केले किंवा असलेले आवळले. बाल्टिमोरमध्ये लहानगा फ्रेडरिक डग्लस खिशात भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर पडायचा आणि गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिकायचा. पुढे तोच अमेरिकेतला मोठा वक्ता आणि लेखक झाला. अशा समाजात लिहिलेले प्रत्येक पान कोणीतरी धोका पत्करून लिहिलेले असते. आणि जपायला संस्था नसल्यामुळे ते हरवायलाही वेळ लागत नाही.

गुलामगिरी १८६५मध्ये कायद्याने संपली. त्यानंतर फिस्क, हॉवर्ड अशी महाविद्यालये एकामागून एक उभी राहिली. या संस्थांना अमेरिकेत ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये’ म्हणतात; १९६४च्या आधी स्थापन झालेली, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीच काढलेली संस्था, अशी त्यांची कायदेशीर व्याख्या आहे. आज त्या शंभरेक आहेत. पण महाविद्यालयात जायला आधी शाळा लागते, आणि दक्षिणेतल्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांची शाळा म्हणजे बहुधा चर्चचा एखादा कोपरा किंवा गळके खोपट.

इथे रोझेनवाल्ड येतात. ज्युलियस रोझेनवाल्ड हे सीअर्स रोबक या मोठ्या टपालविक्री कंपनीचे प्रमुख. कृष्णवर्णीयांसाठीच्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी १९१२च्या सुमारास शाळाबांधणी सुरू केली. १९३२पर्यंत दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत अशा सुमारे ५,००० शाळा झाल्या. या शाळांचे नकाशे आजही पाहायला मिळतात, आणि मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. गावात वीज नसायची, म्हणून खिडक्या उंच आणि ओळीने लावलेल्या. बाके अशी मांडायची की उजेड मुलांच्या डाव्या खांद्यावरून वहीवर पडावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली अक्षरावर येत नाही. ज्यांच्या आजोबांना अक्षर गिरवण्याची शिक्षा फटक्यांनी मिळाली असती, त्यांच्या नातवंडांच्या वहीवर सावली पडू नये याचा कोणीतरी विचार केला होता.

पैशाची बाजू मात्र नीट पाहायला हवी. फंड सगळा पैसा देत नसे; गावाने आपला वाटा उचलावा अशी अट होती. लोकांनी रोकड दिली, जमीन दिली, श्रमदान केले. एकूण खर्चाचा हिशेब मांडला तर कृष्णवर्णीय लोकांनी स्वतः घातलेली रक्कम रोझेनवाल्ड यांच्या देणगीपेक्षा थोडी जास्तच भरते. शिवाय हेच लोक सरकारला करही भरत होते, आणि तो पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे वळत होता. म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. देणगीदाराचे नाव इमारतीला लागते, पण निम्म्याहून जास्त गोष्ट त्याच्या नावाबाहेर घडलेली असते.

१९२८पासून फंडाने व्यक्तींनाही अभ्यासवृत्त्या द्यायला सुरुवात केली. ज्यांना मिळाल्या त्यांची यादी काढली तर विसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकी साहित्याची अर्धी अनुक्रमणिका तयार होते : डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, राल्फ एलिसन, मार्गारेट वॉकर. तरुण जेम्स बाल्डविनला १९४८मध्ये वृत्ती मिळाली. तिच्यातल्या उरलेल्या पैशांतून त्याने पॅरिसचे तिकीट काढले. त्याच वर्षी फंड बंद झाला. तो बुडाला नाही. देणगीचा पैसा आपल्या पिढीतच खर्चून टाकावा, पुढच्या पिढीचे प्रश्न पुढच्यांनी सोडवावेत, असे रोझेनवाल्ड यांचे मत होते, आणि ते तसे पाळले गेले.

पुन्हा पोर्टरबाईंकडे येऊ. १९३०मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांच्यावर कृष्णवर्णीयांविषयीच्या ग्रंथसंग्रहाची जबाबदारी आली. १९१४मध्ये जेसी मूरलँड नावाच्या पाद्रींनी आपला संग्रह विद्यापीठाला दिला होता, सुमारे तीन हजार पुस्तके आणि कागद. आता हे सगळे लावायचे कसे? ग्रंथालयांत ड्यूईची दशांश पद्धत चालते. आपल्याही अनेक ग्रंथालयांत तीच आहे. साहित्य ८००मध्ये, त्यातही अमेरिकी कविता ८११वर. पण कृष्णवर्णीयांशी संबंधित काहीही हाती आले की अनेक ग्रंथालये त्याला दोनच आकडे देत : ३२६ म्हणजे गुलामगिरी, आणि ३२५ म्हणजे स्थलांतर व वसाहती. जेम्स वेल्डन जॉन्सन हा नावाजलेला कवी. त्याचा कवितासंग्रहही ३२५वर. पोर्टरबाईंना हा शुद्ध मूर्खपणा वाटला आणि पुढे त्यांनी तो तशाच शब्दांत सांगितलाही.

यात एवढे रागावण्यासारखे काय, असे वाटू शकते. पण विद्यार्थी कसा शोधतो ते डोळ्यांसमोर आणा. कविता हव्यात म्हणून तो ८११च्या कपाटापाशी जातो. तिथे एकही कृष्णवर्णीय कवी नाही. तो समजतो, या लोकांत कवी झालेच नसावेत. कोणी पुस्तक जाळले नाही, कोणी बंदी घातली नाही, नुसता एक आकडा कण्यावर चिकटवला, आणि एक कवी साहित्यातून उठून समस्येच्या खात्यात गेला. आपल्याकडच्या ग्रंथालयांतही कविता आणि कादंबरी यांची कपाटे वेगळी आणि ‘दलित साहित्य’ अशी पाटी लावलेले कपाट आणखी वेगळे, असे मी पाहिले आहे. ज्याने त्याने आपापल्या गावच्या ग्रंथालयात जाऊन एकदा बघावे.

पोर्टरबाईंनी ती मांडणी मोडली. लेखक आणि साहित्यप्रकार पाहून पुस्तके लावली. खरेदीला पैसे जवळजवळ नव्हतेच. म्हणून त्यांनी जुनी पुस्तके विकणाऱ्यांशी ओळखी वाढवल्या, त्यांच्या याद्या मागवल्या, प्रकाशकांना पत्रे लिहून पुस्तके मागितली. विद्यापीठाच्या इतर कपाटांत विखुरलेली पुस्तकेही शोधून एकत्र आणली. १९७३मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा तीन हजारांच्या जागी सुमारे १,८०,००० वस्तूंचा संग्रह उभा होता. न्यूयॉर्कमध्ये हेच काम आर्तुरो शॉम्बर्ग यांनी केले. मूळचे पोर्तो रिकोचे. लहानपणी एका शिक्षकाने त्यांना सांगितले होते की काळ्या लोकांना इतिहासच नाही. ते वाक्य त्यांनी आयुष्यभर खोडून काढले. १९२६मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाच्या १०,००० डॉलरमधून त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी विकत घेतला गेला. आज हार्लेममध्ये त्यांच्या नावाचे मोठे संशोधन केंद्र आहे.

मदत म्हणजे काय, हा प्रश्न आता जरा खोलात विचारू. कारण सगळी मदत सारखी नसते, आणि झोरा नील हर्स्टन यांच्या आयुष्यात तिचे बरेच प्रकार पाहायला मिळतात.

हर्स्टन फ्लोरिडातल्या इटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात वाढल्या. हॉवर्डमध्ये शिकल्या, मग शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात गेल्या आणि १९२८मध्ये तिथून पदवी घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ठरल्या. लोककथा गोळा करायला दक्षिणेत हिंडायचे तर पैसे हवेत. ते शार्लट ऑस्गुड मेसन या श्रीमंत बाईंनी दिले, महिन्याला २०० डॉलर. पण करार असा की गोळा केलेले साहित्य मेसनबाईंच्या मालकीचे आणि त्यांच्या परवानगीवाचून काही छापायचे नाही. हा आश्रय. याउलट १९३६मध्ये हर्स्टन यांना गुगेनहाइम अभ्यासवृत्ती मिळाली. अर्ज करा, कामाचे स्वरूप सांगा, पैसे घ्या आणि काम करा, लिहिलेले तुमचे. त्या पैशावर त्या हैतीत असताना त्यांनी सात आठवड्यांत ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी लिहून काढली. आश्रयाने त्यांना साहित्य गोळा करता आले, हेही खरेच. पण ज्या पुस्तकासाठी जग त्यांना ओळखते ते अट नसलेल्या पैशावर लिहिले गेले. शिष्यवृत्ती देणाऱ्या कोणत्याही मंडळाने ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून बघावीत.

अभ्यासवृत्ती संपते, वय वाढते, आणि उतारवयासाठी कोणी काही ठेवलेले नसते. १९५०मध्ये हर्स्टन फ्लोरिडात एका घरी घरकाम करत होत्या. १९६०च्या जानेवारीत फोर्ट पिअर्स गावी त्या वारल्या. दफनाचा खर्च वर्गणीतून झाला, कबरीवर दगड नव्हता. त्यांचे सामान जाळायला काढले होते. कागद पेटलेही. तेवढ्यात पॅट्रिक डुव्हाल नावाचा त्यांच्या ओळखीचा डेप्युटी शेरीफ तिथून चालला होता. त्याने गाडी थांबवली, पाण्याची नळी घेतली आणि आग विझवली. ते कागद आज फ्लोरिडा विद्यापीठात आहेत. काही पानांच्या कडा करपलेल्या आहेत.

कागद वाचले, तरी लेखिका विस्मृतीतच होती. पुस्तके बाजारात नव्हती. १९७३मध्ये कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकर कमरेएवढ्या गवतातून ती कबर शोधत गेल्या आणि तिथे दगड बसवला. १९७५मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला तिच्या आजूबाजूला काय चालले होते ते जास्त महत्त्वाचे वाटते. १९६८च्या नोव्हेंबरपासून १९६९च्या मार्चपर्यंत सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी संप केला, जवळजवळ पाच महिने. मागणी होती आमचा इतिहास आणि साहित्य शिकवणारे विभाग काढा. तिथे ते निघाले आणि मग देशभर असे विभाग निघू लागले. आता विभाग म्हटला की अभ्यासक्रम लागतो, अभ्यासक्रमाला पुस्तक लागते, आणि पुस्तक बाजारात नसेल तर प्राध्यापक झेरॉक्स काढून चालवतात. विद्यार्थ्यांच्या हातात झेरॉक्स फिरू लागले, शिकवणाऱ्या बाईंनी मागणीपत्रावर सह्या गोळा केल्या, आणि १९७८मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने कादंबरी पुन्हा छापली. पुढे ती लाखोंनी खपली. प्रतिभा १९३७मध्येही तेवढीच होती. मधल्या चाळीस वर्षांत वाढले ते तिला शिकवू शकणारे लोक, आणि ते आकाशातून पडले नव्हते. कोणाच्या तरी शिष्यवृत्तीवर शिकले होते.

आता आजचे कार्यक्रम कसे चालतात ते पाहू. साहित्यातल्या संशोधनासाठी सगळ्यात नाव असलेला कार्यक्रम म्हणजे मेलन प्रतिष्ठानाने १९८८मध्ये सुरू केलेली अभ्यासवृत्ती. २००३मध्ये तिला बेंजामिन मेज यांचे नाव दिले. मेज म्हणजे मोअरहाउस महाविद्यालयाचे दीर्घकाळचे अध्यक्ष, ज्यांच्याकडे मार्टिन ल्यूथर किंग शिकले. पदवीच्या साधारण दुसऱ्या वर्षी विद्यार्थी निवडतात. त्याला एक प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून मिळतो, सत्रात आणि उन्हाळ्यात विद्यावेतन मिळते, आणि पुढे पीएचडीला गेल्यास शैक्षणिक कर्ज फेडायला हातभार लागतो. या वाटेने आजवर हजाराहून अधिक जण पीएचडी झाले आहेत.

यातला ‘उन्हाळा’ हा शब्द साधा वाटतो, पण सगळे त्यावरच अडते. ज्या घरात आधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, तिथल्या मुलाची सुट्टी म्हणजे कमाईचे दिवस. तो दुकानात उभा राहतो, गोदामात माल उचलतो. सुखवस्तू घरातला मुलगा त्याच तीन महिन्यांत दुसऱ्या शहरातल्या अभिलेखागारात बसून जुनी पत्रे वाचतो. आणि ते काम घरी बसून होत नाही. वाचनकक्षाला ठरलेल्या वेळा असतात, आत पेन नेता येत नाही, पेन्सिलीनेच टिपणे काढायची, कागदांची एक पेटी परत केली की दुसरी मिळते. राहण्याजेवण्याचा खर्च रोजचा. उन्हाळ्याचे विद्यावेतन म्हणजे त्या मुलाच्या घराला दिलेली मजुरीची भरपाई असते. ती दिली नाही तर तो हुशार असूनही पेटीपर्यंत पोहोचत नाही, आणि पेटीतले पत्र तसेच पडून राहते.

सरकारचाही असा कार्यक्रम आहे, रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाचा. मॅकनेअर अंतराळवीर होते, १९८६मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघातात गेले. १९५९मध्ये, नऊ वर्षांचे असताना, ते दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटीच्या ग्रंथालयात गेले. काळ्या मुलाला पुस्तके देत नाही, असे ग्रंथपाल बाई म्हणाल्या. पोरगा टेबलावर चढून बसला, हलायला तयार नाही. पोलीस आले, आई आली, आणि शेवटी पुस्तके घेऊनच तो घरी गेला. ती इमारत आता त्यांच्या नावाचे स्मारक आहे. मॅकनेअर कार्यक्रम गरीब घरातल्या आणि पहिल्या पिढीच्या, तसेच पीएचडीत कमी दिसणाऱ्या गटांतल्या विद्यार्थ्यांना संशोधनाची तयारी करून देतो.

मग अडचण कुठे आहे? पहिली जुनीच, संस्थांना मिळणाऱ्या पैशाची. २०२३मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठवली. १८९०च्या कायद्याखाली आलेली कृष्णवर्णीय विद्यापीठे आणि त्याच राज्यांतली मूळची गोऱ्यांची विद्यापीठे यांना राज्यांनी दिलेला पैसा ताडून पाहिला, तर गेल्या तीसेक वर्षांत कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या वाट्याला १२ अब्ज डॉलरहून अधिक कमी आले, असा तो हिशेब होता. इतकी तूट असली की कात्री आधी ग्रंथालयाला लागते, कारण प्रयोगशाळेसारखे तिथे काही बंद पडल्याचे दिसत नाही. कागद पेट्यांतच राहतात, एवढेच.

दुसरी अडचण ताजी. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. निकाल प्रवेशांपुरता होता, पण शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थांनीही आपापले नियम तपासायला घेतले. कुठे ‘कृष्णवर्णीय’च्या जागी ‘पहिल्या पिढीतले’ आले. २०२५च्या एप्रिलमध्ये मानव्यविद्यांना अनुदान देणाऱ्या केंद्रीय संस्थेने आधीच मंजूर केलेली हजाराहून अधिक अनुदाने रद्द केली. चालू कामे मध्येच थांबली. जुन्या कागदांचे काम अर्ध्यावर सोडले की पुन्हा तिथून सुरू होत नाही. काम करणारा माणूस दुसऱ्या नोकरीला लागलेला असतो.

आपला याच्याशी संबंध आहे आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, १९१३मध्ये कोलंबियाला गेले; पोर्टरबाई पुढे त्याच विद्यापीठात शिकल्या. १९४६मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले : तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मला पाठवाल का? डू बॉइस यांनी जुलैअखेर उत्तर दिले. हा पत्रव्यवहार आज कोणालाही वाचता येतो, कारण मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने डू बॉइस यांचे कागद घेतले, लावले आणि पुढे संगणकावर चढवले. १९७२च्या दलित पँथरने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतले हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीच औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा सुरू झाली होती, म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या प्राध्यापकांमुळे. वानखेडे स्वतः अमेरिकेत शिकून आले होते. मिलिंदही बाबासाहेबांनी काढलेले, शिक्षणापासून दूर ठेवलेल्या मुलांसाठी. तिथेही शिक्षण आणि साहित्य एकाच आवारात वाढले.

कोणी विचारले की मदत करायची तर कशाला करू, तर माझे उत्तर ठरलेले आहे. इमारतीला देऊ नका. तिला देणारे मिळतात. पेट्या उघडून, कागद वाचून याद्या करणाऱ्या माणसाच्या पगाराला द्या. एका मुलाच्या किंवा मुलीच्या एका उन्हाळ्याला द्या, आणि काय लिहायचे ते त्याला किंवा तिला ठरवू द्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला तर पैसेही लागत नाहीत : गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात अमुक पुस्तक मागवा अशी चिठ्ठी देता येते, आणि ग्रंथालये ती खरोखर पाहतात. आणि वाचा. हे सगळ्यांना जमते, कारण या कामाचा मोठा भाग आता फुकट उपलब्ध आहे.

सुरुवात हॅरिएट जेकब्ज यांच्यापासून करा. त्यांचे ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ हे आत्मकथन १८६१मध्ये टोपणनावाने निघाले. मुखपृष्ठावर ‘तिने स्वतः लिहिलेले’ असे छापलेले. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी त्या उत्तर कॅरोलिनातल्या ईडनटन गावी आजीच्या घराच्या माळ्यावर लपल्या. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जिथे सगळ्यात उंच तिथे तीन फूट. तिथे त्यांनी जवळजवळ सात वर्षे काढली. एके दिवशी डोक्याला काहीतरी लागले, पाहतात तर गिरमिट. त्याने त्यांनी भिंतीला भोके पाडली आणि त्यांतून खाली वावरणारी आपली मुले पाहिली. पुढे उत्तरेत पळून गेल्यावर, दुसऱ्यांची मुले सांभाळून, रात्री जागून त्यांनी हे लिहिले.

शंभर वर्षांहून जास्त काळ अभ्यासकांचा त्यावर विश्वास बसला नाही. कोणी म्हणाले कादंबरी आहे, कोणी म्हणाले संपादन करणाऱ्या गोऱ्या बाईंनीच लिहिली असावी. मग जीन फेगन येलिन या प्राध्यापक बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात एमी पोस्ट नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या बाईंच्या घराण्याचे कागद पाहिले. त्यांत जेकब्ज यांनी एमींना लिहिलेली पत्रे निघाली. शुद्धलेखन डळमळीत, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, पण वाक्याची चाल तीच, आणि पुस्तक कसे लिहीत आहे याच्या खबराही. १९८१मध्ये येलिन यांनी पुरावा मांडला, १९८७मध्ये खऱ्या नावाने आवृत्ती निघाली.

उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ या संग्रहात १८६१ची मूळ आवृत्ती मोफत वाचता येते. शेवटच्या पानांवर एक छोटी साक्ष जोडली आहे. या पुस्तकाची लेखिका माझी अत्यंत आदरणीय मैत्रीण आहे, अशी तिची सुरुवात होते. खाली सही आहे, गाव रॉचेस्टर, नाव एमी पोस्ट.